कॉम्प्युटरवर ब्लू-रे लावायची आहे? आधी डिस्क बघा, सॉफ्टवेअर नंतर

ब्लू-रे डिस्क, म्हणजे डीव्हीडीच्या पुढची, एचडी पिक्चर मावणारी डिस्क, कॉम्प्युटरवर लावायची म्हणलं की पहिला प्रश्न ठरलेला, कुठलं सॉफ्टवेअर टाकू? आणि शेजारचं कुणीतरी लगेच सांगतंच, व्हीएलसी टाक बे, सगळं चालतंय त्यात. मग व्हीएलसी, म्हणजे तो फुकटचा व्हिडिओ प्लेअर, टाकून होतं, डिस्क आत जाते, ड्राइव्ह घरघर करतो आणि स्क्रीनवर एरर. मग दुसरं सॉफ्टवेअर, मग तिसरं, मग कुठल्यातरी साइटवरून क्रॅक केलेलं चौथं, आणि शेवटी कॉम्प्युटरमध्ये पिक्चर सोडून नको नको ते सगळं चालायला लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की सॉफ्टवेअर हा शेवटचा निर्णय. आधी डिस्क कुठली ते बघायचं, मग ड्राइव्ह, मग मशीन, मग मॉनिटरची केबल. हे चार बघून झाले की कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं ते जवळपास आपोआप ठरतं, आणि कित्येकदा असंही निघतं की एक रुपया घालायची गरजच नव्हती.

सगळं विंडोज धरून लिहितोय कारण आपल्याकडे घरोघरी तेच आहे. मॅकवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवा की ॲपलने कधीच ब्लू-रे ड्राइव्ह दिला नाही आणि मॅकमध्ये ब्लू-रे पिक्चर चालवायची सोयही दिली नाही. विंडोजमध्येही ती सोय नाहीच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. विंडोज ८ पासून तर साधी डीव्हीडी चालवायची सोयसुद्धा काढून टाकली, तर ब्लू-रेचं काय घेऊन बसलाय. त्यामुळे "नवीन विंडोज टाकलंय, चालेल की" हा हिशेब इथं लागू नाही.

पायरी १: हातात डिस्क कुठली आहे

सोलापुरात माझ्या बघण्यात तरी घरात ब्लू-रे असण्याची तीन कारणं आहेत. एक, लग्नाची डिस्क, फोटोग्राफरने दिलेली. दोन, दुकानातून किंवा ऑनलाइन घेतलेला पिक्चर. तीन, अमेरिकेत नाहीतर दुबईत असलेल्या भाच्याने येताना आणलेली. तिन्हींचा मार्ग वेगळा आहे, म्हणून ही पायरी कंटाळा न करता वाचा.

लग्नाची डिस्क सगळ्यात सोपी. मधल्या काळात आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांनी एचडी शूटिंग सुरू केलं, आता सगळे पेन ड्राइव्ह देतात पण त्याच्या आधी बऱ्याच जणांनी डीव्हीडीसोबत एक ब्लू-रे पण दिली होती, वर नवरानवरीचा फोटो छापलेली, अल्बमच्या पेटीत खाच करून ठेवलेली. ती डिस्क लोकांनी कधी लावलेलीच नसते कारण घरात लावायला काही नव्हतंच. तर ही डिस्क घरगुती राइट केलेली असते, तिच्यावर कुठलंही कुलूप नसतं, आणि म्हणून ती फुकटच्या व्हीएलसीत सरळ चालते. तुमच्याकडे फक्त लग्नाची, मुंजीची, नाहीतर शाळेच्या गॅदरिंगची डिस्क असेल तर पेड सॉफ्टवेअरच्या नादी लागूच नका.

दुकानातल्या पिक्चरच्या डिस्कवर मात्र कुलूप असतं. त्याला एएसीएस म्हणतात, म्हणजे डिस्कवरचा सगळा व्हिडिओ कोड करून ठेवलेला आणि तो उघडायची किल्ली फक्त लायसन्स घेतलेल्या प्लेअरकडे. काही डिस्कवर त्याच्या वर बीडी प्लस नावाचं आणखी एक कुलूप असतं.

आता तुमच्या डिस्कवर कुलूप आहे का नाही हे ओळखायचं कसं, तर डिस्क ड्राइव्हमध्ये टाका, धिस पीसी उघडा, ड्राइव्हच्या आयकॉनवर राइट क्लिक करून ओपन करा. डबल क्लिक नको, नाहीतर तो काहीतरी लावायलाच जातो. आत बीडीएमव्ही नावाचं फोल्डर दिसलं म्हणजे ब्लू-रे पिक्चरची रचना आहे. त्याच्या शेजारी एएसीएस नावाचं फोल्डर पण असेल तर समजायचं कुलूप आहे. नुसतं बीडीएमव्ही आणि सर्टिफिकेट एवढंच असेल तर उघडी डिस्क. कधीकधी फोटोग्राफरने यातलं काहीच न करता नुसती एमपीफोर फाइल टाकून दिलेली असते, मग तर प्रश्नच मिटला, डबल क्लिक आणि चालू. आणि व्हीडिओ-टीएस नावाचं फोल्डर दिसलं तर ती ब्लू-रे नाहीच, डीव्हीडी आहे.

फोर-के, म्हणजे अल्ट्रा एचडी ब्लू-रे डिस्क वेगळी. तिचं खोकं बहुतेक वेळा काळं असतं, साध्या ब्लू-रेचं निळं. साधी ब्लू-रे एका थराची २५ जीबी आणि दोन थरांची ५० जीबी, तर फोर-के वाली ६६ नाहीतर १०० जीबीपर्यंत जाते. डीव्हीडी एका थरात ४.७ जीबी मावायची, त्यावरून अंदाज येईल. फोर-के डिस्क कॉम्प्युटरवर चालवणं हे खरं दुखणं आहे, त्यावर पुढे वेगळं लिहिलंय.

बाहेरून आणलेल्या डिस्कचा रीजन, म्हणजे जगाच्या कुठल्या भागात चालावी म्हणून ती काढलीय, ते बघा. खोक्याच्या मागे छोटा षटकोनी शिक्का असतो, त्यात ए, बी किंवा सी लिहिलेलं असतं. अमेरिका आणि जपान ए मध्ये, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी मध्ये, भारत सी मध्ये. तिन्ही अक्षरं एकत्र असतील तर कुठंही चालते. बऱ्याच कंपन्यांच्या डिस्क अशाच असतात पण सगळ्यांच्या नाही, म्हणून भाच्याला आणायला सांगतानाच शिक्का बघून घे म्हणायचं. फोर-के डिस्कला हे रीजनचं लफडं नाही, तेवढं एक बरं केलंय.

एक ध्यानात ठेवा, डीव्हीडीचा रीजन ड्राइव्हमध्येच बसलेला असतो आणि पाच वेळा बदलला की शेवटचा कायम राहतो. ब्लू-रेचा रीजन सॉफ्टवेअर तपासतं. म्हणून पेड प्लेअर टाकल्यावर पहिल्यांदा रीजन विचारतो तेव्हा घाईत काहीतरी दाबून मोकळं होऊ नका, तिथंही बदलायची संधी मोजकीच असते.

पायरी २: ड्राइव्ह

डीव्हीडी ड्राइव्हमध्ये ब्लू-रे डिस्क बसते, फिरते, पण वाचता येत नाही. यात सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही, लेझरच वेगळा आहे. डीव्हीडीचा लाल, ६५० नॅनोमीटरचा, ब्लू-रेचा निळसर जांभळा, ४०५ नॅनोमीटरचा. कितीही अपडेट मारलं तरी लाल लेझरचा निळा होत नाही.

तुमच्याकडे कुठला आहे ते बघायला स्टार्ट बटणावर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, त्यात डीव्हीडी सीडी-रॉम ड्राइव्हज उघडा. ड्राइव्हच्या नावात बीडी ही अक्षरं दिसली पाहिजेत. नुसतं डीव्हीडी आरडब्ल्यू लिहिलं असेल तर नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये ब्लू-रे ड्राइव्ह असेल तर त्याच्या दारावरसुद्धा ब्लू-रेचा लोगो असतो, तो बघितला तरी कळतं.

नवीन घ्यायचा असेल तर डेस्कटॉपसाठी आत बसणारा साटा ड्राइव्ह, लॅपटॉपसाठी यूएसबीचा बाहेरचा. नवी पेठेत विचारलं तर बऱ्याच दुकानात "मालक, आता कोण घेतंय हे" असं उत्तर येईल, आणि त्यात त्याची चूक नाही, माल खपत नाही म्हणून कुणी ठेवत नाही. हा धंदा सगळीकडेच आवरत चाललाय, सोनीने तर राइट करायच्या कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केलं. तर ऑर्डर देऊन नाहीतर ऑनलाइन मागवावा लागतो. मागवताना तीन गोष्टी. नावात बीडी आहे का, कारण "एक्स्टर्नल डीव्हीडी ड्राइव्ह" शोधलं की ढिगाने स्वस्त डीव्हीडीवालेच येतात आणि जाहिरातीत कुठंतरी ब्लू-रे हा शब्द घुसडलेला असतो. दुसरं, फोर-के पाहिजे असेल तर अल्ट्रा एचडी ब्लू-रे सपोर्ट असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. तिसरं, खोक्यात प्लेअर सॉफ्टवेअर येतं का.

त्या तिसऱ्यावर थोडं. ड्राइव्हबरोबर जे सॉफ्टवेअर फुकट येतं ते बहुतेक वेळा कापलेलं व्हर्जन असतं. पिक्चर चालतो, पण आवाज दोनच स्पीकरचा, नाहीतर मोठे साउंड फॉरमॅट बंद आणि वर अपग्रेड करा म्हणून पाटी. ज्याला लॅपटॉपवर हेडफोन लावून बघायचंय त्याला ते भरपूर झालं. होम थिएटर असेल तर पुरत नाही.

यूएसबी ड्राइव्हचं अजून एक. डिस्क फिरते, थांबते, परत फिरते आणि वाचतच नाही असं झालं की लोक डिस्कला शिव्या देतात, पण कित्येकदा करंट कमी पडत असतो. जुन्या यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतो, यूएसबी ३ मधून ९००. म्हणून निळ्या पोर्टला लावा, हबमध्ये लावू नका, आणि डेस्कटॉप असेल तर डब्याच्या पुढच्या पोर्टपेक्षा मागचा, जो थेट मदरबोर्डवर असतो तो. ड्राइव्हबरोबर दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडं लावायची, एक लोंबकळत ठेवायचं नाही.

पायरी ३: मशीनचा दम

साध्या ब्लू-रेत व्हिडिओ जास्तीत जास्त ४० एमबीपीएसने येतो. तो एमपेग-२, एच.२६४ नाहीतर व्हीसी-१ यापैकी एका पद्धतीने दाबून भरलेला असतो. गेल्या दहा-बारा वर्षांतला कुठलाही बरा कॉम्प्युटर हे सहज ओढतो, फक्त ते काम प्रोसेसरवर न पडता ग्राफिक्सकडे गेलं पाहिजे.

हे तपासायची माझी आवडती पद्धत सांगतो. व्हीएलसीत कुठलीही जड एचडी फाइल लावा, लग्नाच्या डिस्कवरची असेल तर उत्तमच. ती चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जाऊन जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्सवर, क्लिक करा. तिथं चार छोटे ग्राफ दिसतात, त्यातला व्हिडिओ डिकोड नावाचा बघा. ती रेघ वर उठलेली असेल आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, खाली निवांत असेल तर सगळं ठीक. व्हिडिओ डिकोड शून्यावर झोपलाय, सीपीयू ८० टक्क्यांवर आणि पंखा ओरडतोय असं दिसलं तर हार्डवेअर डिकोडिंग, म्हणजे व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्सने करणं, बंद आहे. मग व्हीएलसीच्या टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट कोडेक्समध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेटेड डिकोडिंग ऑटोमॅटिकवर करा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करा आणि परत बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला गेला की या गोष्टीचा फरक कानाला ऐकू येतो, सीपीयूवर चालणारा पिक्चर म्हणजे पूर्ण तीन तास पंख्याचं भजन.

पायरी ४: मॉनिटर आणि केबल

हा भाग कुणी बघतच नाही आणि पेड सॉफ्टवेअर घेऊन झाल्यावर इथंच अडकतात. कुलूप असलेली डिस्क लायसन्सवाला प्लेअर चालवतो तेव्हा तो आधी विचारतो, ग्राफिक्स कार्डापासून मॉनिटरपर्यंतची वाट बंदिस्त आहे का? त्याला एचडीसीपी म्हणतात. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टवर ती सोय असते, व्हीजीएवर नसते. निळ्या तोंडाच्या, दोन स्क्रू पिळायच्या जुन्या व्हीजीए केबलवर मॉनिटर चालवत असाल तर पेड प्लेअर पैसे घेऊनही पिक्चर दाखवणार नाही. मधे स्वस्तातला कन्व्हर्टर घातला असेल तरी तीच गत. दोन स्क्रीन जोडले असतील, त्यातला एक जुना, तर एकच चालू ठेवून बघा.

गंमत म्हणजे लग्नाच्या उघड्या डिस्कला यातलं काहीच लागत नाही, ती व्हीजीएवर पण चालते. म्हणूनच म्हणलं, आधी डिस्क.

पायरी ५: आता सॉफ्टवेअर

उघड्या डिस्कसाठी व्हीएलसी किंवा एमपीसी-एचसी नावाचा दुसरा प्लेअर. दोन्ही फुकट. व्हीएलसी त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, व्हिडिओलॅन म्हणून आहे ती, कारण नुसतं सर्च केलं की वर जाहिरातवाल्या नकली साइट येतात आणि त्यांच्या इन्स्टॉलरमधून ब्राउझरचं कुठलंतरी टूलबार गळ्यात पडतं.

व्हीएलसीत लावायचं असं. मीडिया मेनूमध्ये ओपन डिस्क, किंवा कंट्रोल आणि डी. वर डीव्हीडी, ब्लू-रे, ऑडिओ सीडी असे पर्याय असतात, ब्लू-रे निवडा. त्याखाली नो डिस्क मेनूज असा चौकोन आहे, पहिल्या वेळी त्यावर टिक करा. कारण ब्लू-रेचे मेनू बऱ्याचदा जावा नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत बनवलेले असतात, कॉम्प्युटरवर जावा नसेल किंवा व्हीएलसी ६४ बिट आणि जावा ३२ बिट असं जुळत नसेल तर तो मेनूवरच रुसून बसतो. टिक केली की मेनू बाजूला ठेवून सरळ मुख्य व्हिडिओ चालू होतो. ड्राइव्हचं अक्षर बरोबर आहे का बघा आणि प्ले. वेगळा भाग बघायचा असेल, समजा हळद संपून वरात, तर प्लेबॅक मेनूत टायटल आणि चॅप्टर असतात.

काही लोक डिस्कच्या आत स्ट्रीम फोल्डरमध्ये जाऊन सगळ्यात मोठी एमटूटीएस, म्हणजे व्हिडिओची, फाइल ओढून प्लेअरवर टाकतात. लग्नाच्या डिस्कला बहुतेक वेळा चालतं. पण व्हिडिओ पाच-सहा फाइलींत तोडलेला असेल तर अर्धंच लग्न दिसेल. तेव्हा एमपीसी-एचसीत फाइल मेनूतून ओपन डीव्हीडी किंवा बीडी करा नाहीतर प्लेलिस्ट फोल्डरमधली फाइल उघडा, ती तुकडे बरोबर ओळीने लावते. एमपीसी-एचसीचं मूळ काम २०१७ मध्ये थांबलं होतं, पण एका डेव्हलपरने पुढे चालू ठेवलंय, तर व्हर्जन २०१७ नंतरचं आहे ना ते बघून घ्या. जुन्या मशीनवर ते व्हीएलसीपेक्षा हलकं चालतं असं माझं मत. दिसायला मात्र विंडोज ९८ च्या जमान्यातलं.

स्टुडिओवाल्यांच्या शूटिंगमध्ये अजून एक त्रास दिसतो. नवरा-नवरी चालायला लागले किंवा वरातीत कुणी नाचायला लागलं की कडांना आडव्या बारीक रेघा फाटल्यासारख्या येतात. ते इंटरलेस शूटिंग आहे, म्हणजे चित्र एकाआड एक रेघांच्या दोन अर्ध्यांत घेतलेलं, डिस्क खराब नाही. व्हीएलसीच्या व्हिडिओ मेनूत डीइंटरलेस ऑन करा आणि मोडमध्ये याडिफ निवडा, रेघा जातात.

कुलूपवाल्या पिक्चरसाठी रीतसर मार्ग पेड प्लेअरचा. त्यात सगळ्यात जास्त चालणारं नाव सायबरलिंकचं पॉवरडीव्हीडी, तैवानची कंपनी. घेताना व्हर्जन नीट वाचा, कारण नाव एकच आणि आत तीन प्रकार. स्टँडर्डमध्ये ब्लू-रे नाही, डीव्हीडीच. प्रोमध्ये साधी ब्लू-रे आहे. अल्ट्रामध्ये फोर-के डिस्कची पण सोय दिलेली होती. वार्षिक भाड्याचा पर्याय वेगळा. स्वस्त दिसलं म्हणून स्टँडर्ड घेऊन फसायची वेळ इथंच येते. दुसरं नाव कोरलचं विनडीव्हीडी, त्यातही प्रो पाहिजे. त्याचं १२ नंबरचं व्हर्जन बरंच जुनं झालंय, मी नवीन माणसाला सुचवणार नाही, कुणाकडे आधीपासून असेल तर वापरा.

पेड प्लेअर घेतला म्हणजे कायमचं झालं असंही नाही. एएसीएसच्या किल्ल्या अधूनमधून बदलत राहतात, आज घेतलेल्या नव्या डिस्कवर जी किल्ली लागते ती तीन वर्षांपूर्वीच्या प्लेअरकडे नसते. मग "अपडेट करा" अशी पाटी येते आणि कंपनीने तुमच्या व्हर्जनला अपडेट देणं बंद केलं असेल तर नवं व्हर्जन विकत घ्या. म्हणून जुनं व्हर्जन सेलमध्ये मातीमोल मिळतंय म्हणून उचलू नका, त्याला अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. आणि त्याच कारणासाठी हा कॉम्प्युटर कधीतरी नेटला जोडावा लागतो.

आता फुकट ब्लू-रे प्लेअर म्हणून जी डझनभर नावं सापडतात त्यांच्याबद्दल. काही चालतात पण, खोटं कशाला सांगू. पण त्यातल्या बऱ्याच जणांकडे लायसन्स आहे का याचा पत्ता नाही, स्क्रीनवर जाहिराती येतात, दर वेळी विकत घ्या म्हणून खिडकी उघडते, आणि आवाज बऱ्याचदा दोन स्पीकरचाच. व्हीएलसीत बाहेरून किल्ल्यांची फाइल आणून टाकायची जी युक्ती सांगितली जाते तिचंही तेच, व्हीएलसीवाले स्वतः ती देत नाहीत, कुणीतरी जमवलेली असते, आज एक डिस्क चालते उद्या दुसरी नाही. कायद्याचं म्हणाल तर २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात ६५ अ हे कलम आलं, हक्क डावलायच्या इराद्याने असलं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. इरादा हा शब्द महत्त्वाचा आहे, स्वतःची विकत घेतलेली डिस्क घरात बघणाऱ्याचा तो इरादा कुठून असणार, पण मी वकील नाही, आणि ज्याला कटकट नको त्याने लायसन्सवाला मार्ग धरावा. क्रॅक केलेलं पॉवरडीव्हीडी मात्र अजिबात नको, त्याच कॉम्प्युटरवर तुम्ही बँकेचं पण उघडता.

फोर-के डिस्कचं दुखणं

फोर-के डिस्क कॉम्प्युटरवर रीतसर चालवायची तर इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एसजीएक्स नावाची सुरक्षित कोठडी लागते. ती ७ व्या पिढीपासून या कामाला वापरली गेली, आणि ११ व्या पिढीपासून इंटेलने घरगुती प्रोसेसरमधून ती काढूनच टाकली. म्हणजे ७ ते १० एवढ्याच पिढ्या. आज दुकानात जाऊन सगळ्यात महागडा कॉम्प्युटर आणला तरी त्यावर ही डिस्क चालणार नाही, आणि कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेल्या ८ व्या पिढीच्या डब्यावर चालायची, असला उफराटा कारभार. एएमडीवर नाहीच. त्यात ७ व्या पिढीला, एखाददुसरा अपवाद सोडला तर, विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणजे उरल्या ८, ९ आणि १०, आणि त्यांच्यावरही आता चालेलच याची खात्री नाही.

एवढ्यावर संपत नाही. बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, एसजीएक्स चालू पाहिजे, मॉनिटर इंटेलच्या ग्राफिक्सलाच जोडलेला पाहिजे, वेगळ्या महागड्या कार्डाला नाही, आणि पूर्ण वाटेवर एचडीसीपी २.२ पाहिजे. सायबरलिंकचं एक फुकट ॲडव्हायझर टूल आहे, ते चालवलं की कुठली अट पुरी होते आणि कुठं फुली आहे ते ओळीने दाखवतं. पैसे भरायच्या आधी ते चालवा.

माझं स्पष्ट मत सांगू का, फोर-के डिस्कसाठी कॉम्प्युटरच्या मागे लागूच नका. टीव्हीला जोडायचा प्लेअर घ्या. घरात पोराचा गेम खेळायचा डिस्कवाला पीएस५ किंवा एक्सबॉक्स वन एस असेल तर त्यात या डिस्क चालतात. पीएस४ मध्ये साधी ब्लू-रे चालते, फोर-के नाही. खरं तर साध्या ब्लू-रेसाठी पण हा हिशेब करून बघा, ड्राइव्ह अधिक पेड सॉफ्टवेअर यांची बेरीज आणि सेकंडहँड प्लेअर किंवा जुन्या पीएस३ ची किंमत. डिस्क चार-पाचच असतील तर प्लेअरवालंच स्वस्त पडतं.

पायरी ६: पैसे भरायच्या आधी परीक्षा

ट्रायल उतरवा, पण त्या ट्रायलमध्ये ब्लू-रे चालते का ते आधी वाचा, काहींमध्ये मुद्दाम बंद ठेवलेली असते आणि मग ट्रायलचा काय उपयोग. चालत असेल तर परीक्षा घ्यायची ती आपल्याकडच्या सगळ्यात अवघड डिस्कने. म्हणजे सगळ्यात नवीन, दोन थरांची, तीन तासांची. सुरुवातीची दहा मिनिटं बघून खूश होऊ नका, अर्ध्याच्या पुढे उडी मारा, डिस्कचा थर बदलतो तिथं ड्राइव्ह अडखळतो का बघा. भाषा बदलून बघा. आपल्या सोलापुरात एकाच घरात हिंदी, तेलुगू, कन्नड सगळं लागतं, आजीला तेलुगू आवाज पाहिजे आणि पोरांना खाली सबटायटल, तर ऑडिओ ट्रॅक आणि सबटायटल चालू पिक्चरमध्ये बदलता येतात का, बदलल्यावर आवाज मागेपुढे होतो का, हे ट्रायलमध्येच कळतं.

होम थिएटर ॲम्प्लिफायर असेल तर प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये एचडीएमआय पासथ्रू करा, मग डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी जसाच्या तसा ॲम्प्लिफायरकडे जातो. ॲम्प्लिफायरच्या डिस्प्लेवर ते नाव उमटलं की काम झालं. नुसतं पीसीएम दिसत असेल तर कॉम्प्युटर स्वतः उलगडून पाठवतोय, तेही वाईट नाही.

चित्राचं एक सेटिंग बहुतेक जण सोडतात. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा असतो आणि मॉनिटर ६० वेळा रिफ्रेश होतो. २४ ने ६० ला भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीन वेळा, पुढची दोन वेळा अशी दाखवावी लागते, आणि कॅमेरा सावकाश आडवा फिरला की चित्र लंगडल्यासारखं चालतं. टीव्हीला जोडलं असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन रिफ्रेश रेट २४ किंवा २३.९७६ मिळतो का बघा. बघून झालं की परत ६० करा, नाहीतर माउसच लंगडा चालतो आणि घरचे म्हणतात कॉम्प्युटर बिघडवला.

डिस्कची निगा

ब्लू-रेत डेटा पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो, डीव्हीडीत ०.६. वर कडक थर दिलेला असतो म्हणून सहजासहजी ओरखडा उठत नाही, पण बोटाचे डाग आणि धूळ जास्त नडते. पुसायची तर चष्म्याच्या मऊ कापडाने, मधून बाहेर सरळ, गोल गोल नाही. सोलापुरी टॉवेल अंग पुसायला जगात भारी, डिस्कला मात्र लावू नका, त्याचे तंतूच चिकटून बसतात. कपाट पश्चिमेच्या भिंतीला असेल तर डिस्क तिथून हलवा, उन्हाळ्यात ती भिंत रात्री नऊलाही तापलेली असते.

आणि लग्नाची उघडी डिस्क वाचली गेली की त्याच दिवशी पूर्ण बीडीएमव्ही फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या. घरी राइट केलेल्या डिस्कचा भरवसा छापलेल्या डिस्कइतका नसतो, आणि वाचणारे ड्राइव्हही दिवसेंदिवस कमीच होणार. २५ जीबी लागतील, ब्लू-रे वाचायचा वेग एक्समध्ये मोजतात, एक एक्स म्हणजे सेकंदाला ४.५ एमबी, ६ एक्सच्या ड्राइव्हने पाव तास ते अर्ध्या तासात आरामात होतं. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा, डेस्कटॉपला यूपीएस असू द्या, मधेच लाइट गेली तर परत पहिल्यापासून. कॉपी झाल्यावर व्हीएलसीत ओपन डिस्कच्या खालच्या खोक्यात ब्राउझ दाबून तेच फोल्डर ज्यात ठेवलंय ते दाखवा, अगदी डिस्क लावल्यासारखं चालतं. शेवटची पाच मिनिटं लावून बघितल्याशिवाय मूळ डिस्क अल्बमच्या पेटीत परत ठेवू नका.